पांढरा ॲप्रन शिवायला टाकण्याआधी

चिऊ, दादा फोनवर म्हणाला, ‘पोरगी आता काहीतरी मेडिकलचं करणार.’ ‘काहीतरी मेडिकलचं’ नावाचा कोर्स मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही, पण त्याची फी भरून आलेल्या मुली वॉर्डात पुष्कळ पाहिल्या. तुझ्या बाबाला हिशेब आवडत नाही, तो माणूस भाजीवालीशीही घासाघीस करत नाही. म्हणून हे तुला लिहितेय.

१. कोर्सचं पूर्ण नाव, किती वर्षांचा, आणि शेवटी नोंदणी कुठे, या तीन गोष्टी आधी वहीत लिही – एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन, बी.एस्सी. नर्सिंग चार, लॅब, डायलिसिस, ऑपरेशन थिएटरकडे जायचं तर डीएमएलटीसारखे डिप्लोमे, किंवा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं बीपीएमटी, तीन वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. माहितीपत्रकावर स्टेथोस्कोप लावून हसणारी मुलगी कुठल्याच रकान्यात बसत नाही, ती सोडून दे.

२. फी किती हे विचारण्याआधी नोंदणी होते का ते विचार – नर्सिंगला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, तंत्रज्ञांना महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिल. तिथला नंबर नसला की सरकारी जाहिरातीत तुझा फॉर्म पहिल्याच चाळणीत गळतो. फी एकदाच टोचते, बिननोंदणीचा कागद जन्मभर.

३. कॉलेजचं नाव मान्यता मिळालेल्या कॉलेजांच्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी बघ, आणि यादी यंदाचीच हवी – ‘फाइल गेलीय, मान्यता येईलच’ म्हणणारा क्लार्क तुझ्या शेवटच्या वर्षी त्या खिडकीत असेलच असं नाही.

४. सहा महिन्यांत ‘टेक्निशियन’ करून देणाऱ्यांना लांबूनच नमस्कार – २०२१च्या केंद्रीय कायद्यात अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला किमान २,००० तासांचं शिक्षण, तेही दोन ते चार वर्षांत, असं लिहिलंय. छोटे कोर्स करून रुग्णाच्या उशाशी बसायचं काम मिळतं, आणि ते हलकं काम मुळीच नव्हे. फक्त पगाराची पायरी तिथेच संपते.

५. ‘डीएमएलटी करून स्वतःची लॅब टाकते’ हे वाक्य घरात मोठ्याने म्हणू नकोस, दादा लगेच गाळा बघायला लागेल – पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये सांगितलंय. लॅबमधली नोकरी चांगली आहे. मालकीचं गणित मात्र पॅथॉलॉजिस्टला द्यायचे पैसे धरून मांड.

६. जीएनएम की बी.एस्सी., हे आजच्या फीवरून ठरवू नकोस – जीएनएमनंतर पदवी हवीशी वाटली की पोस्ट बेसिकची आणखी दोन वर्षं, म्हणजे एकूण पाच, बी.एस्सी. चारांत आटोपतं आणि एम.एस्सी.चं दार उघडं राहतं. पण घरात लवकर पगार यायला हवा असेल तर जीएनएमही शहाणपणाचंच. नाक मुरडणाऱ्या नातेवाइकांना रांगेत उभं करून सलाइन लावायला सांगावं!

७. पहिली नोकरी निवडताना पगारासोबत खाटा मोज – एम्सच्या नर्सिंग ऑफिसर परीक्षेला जीएनएमवाल्यांकडून किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव मागतात. त्या पदाचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ४४,९०० रुपये, आणि एम्स आपल्या नागपुरातही आहे. म्हणून अनुभवाच्या दाखल्यावर खाटांची संख्या आणि तारखा लिहून घ्यायच्या, आणि त्या नोकरी सोडतानाच – दोन वर्षांनी परत गेलीस तर एचआरमधली बाई तुला ओळखणार नाही.

८. खर्च म्हणजे नुसती फी नव्हे – हॉस्टेल, मेस, दोन युनिफॉर्म, पांढरे बूट, परीक्षा शुल्क, जर्नलं, पोस्टिंगच्या रुग्णालयापर्यंतचं रोजचं बसभाडं, आणि तेवढ्या वर्षांत न कमावलेला पगार. शेवटचा आकडा कुणीच लिहीत नाही, तू लिही.

९. आता परतावा. पगाराला फीने भागू नकोस. पगारातून महिन्याचा खर्च वजा जाऊन जे उरतं, त्याने एकूण खर्चाला भाग. समज, सगळं मिळून चार लाख गेले. पुण्यात हातात पंधरा हजार येतात, खोली-डबा-प्रवास यांत दहा जातात, उरले पाच. चार लाख वसूल व्हायला ऐंशी महिने, म्हणजे सहा वर्षं आठ महिने. तीच तू तालुक्याच्या गावी घरी राहून बाराच हजार घेतलेस आणि तीन खर्च केलेस, तर नऊ उरतात आणि चार वर्षांच्या आतच फिटतं – शहरातला मोठा पगार ऐकायला गोड, पण घरमालकही तोच ऐकत असतो. हे आकडे मी समजुतीपुरते घेतलेत. तुझे खरे टाकून दोनदा कर, एकदा आशेने आणि एकदा भीतीने.

१०. खरा पगार कॉलेजच्या प्लेसमेंटवाल्याला विचारू नकोस. दुपारी दोनच्या सुमारास शिफ्ट बदलते, तेव्हा रुग्णालयाच्या गेटसमोरच्या टपरीवर जाऊन उभी राहा. केसांची जाळी काढून पर्समध्ये कोंबणारी, चहा येईपर्यंत टाचा बुटाबाहेर काढून उभी असलेली जी दिसेल, ती नुकती ड्युटी संपवून आलेली असते. तिला चार गोष्टी विचार: हातात किती, कितव्या तारखेला, पीएफ कापतात का, महिन्याला नाइट किती – दमलेलं माणूस खोटं बोलायचे कष्ट घेत नाही. तोंडी पगार, कोरडा डबा.

११. फी भरण्याआधी एक सकाळ ओळखीच्या लॅबमध्ये कलेक्शनच्या खुर्चीशेजारी काढ, हे तर करच – सातला उपाशीपोटी आलेली चिडकी माणसं, हिमोग्रामला जांभळ्या झाकणाची नळी, साखरेला करड्या, आणि आजीच्या कोपरात दिसत नाही पण बोटाला लागते ती शीर. नळीवर नाव रुग्णासमोरच लिहायचं, काढलेली सुई पुन्हा टोपणात घालायची नाही; हे करणारी मुलगी बघताना तुला कंटाळा आला की हात शिवशिवले, ते घरी येऊन मला सांग. हात शिवशिवले असतील तर हेपटायटिस बीची लस लगेच सुरू कर, कारण तीन डोसांना सहा महिने लागतात.

१२. प्रवेश शक्यतो कॅप राउंडमधूनच घे – २०२४-२५पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस की ती सवलत हातची गेली. अभिमत विद्यापीठांनाही ती नाही. तुझा कोर्स तिच्यात बसतो का ते महाडीबीटीवर बघ; आणि बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी वेगळी असते, तिचा फॉर्म चुकवू नकोस.

१३. खाजगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते, तिचा प्रिंट घेऊन जा – वरचे पैसे ‘विकासनिधी’ म्हणून रोख मागितले, तर पावती मागायला धीर लागत नाही, प्रिंट लागतो.

१४. कर्ज घेणार असशील तर शिकत असतानाच व्याज भरत राहा – हप्ते नंतर सुरू होतात, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. दहा टक्क्यांनी लाखाला वर्षाचे दहा हजार होतात, तू ॲप्रनला पहिली इस्त्रीही केलेली नसताना. चार लाखांपर्यंत बँकेने तारण मागायचं नसतं, तेव्हा वहिनीच्या पाटल्या कपाटातच राहू देत.

१५. मूळ मार्कशीट कुणाकडेच ठेवायची नाही, ना कॉलेजकडे, ना नोकरीच्या ठिकाणी – दाखवायची, झेरॉक्स द्यायची, पिशवीत परत टाकायची. आधी नोंद, मग आनंद, आणि ओरिजिनल कायम आपल्या ट्रंकेत.

१६. परदेशाचं नंतर बघू – जर्मनीत नर्स म्हणून मान्यता घ्यायला साधारण बी-टू पातळीचं जर्मन लागतं, ते रोज थोडं थोडं आजपासून शिकता येतं. एजंट भेटलाच तर तो ई-मायग्रेटवर नोंदलेला आहे का बघ. त्याला सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं.

रविवारी ये. येताना उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल आणि नॉन-क्रीमीलेअर आण, आणि त्यावरच्या मुदतीच्या तारखा एसटीत बसल्या बसल्या वाचून ठेव. तारीख संपली असली तर दादाला सोमवारी तहसीलला पिटाळू, त्यालाही जरा काम मिळेल.