दम्याचा फवारा : चिठ्ठीविना की चिठ्ठीने?

धान्याचा घाऊक व्यापार आणि धूळ यांची सोबत जन्माची आहे. पोते फुटले, चाळण चालली, गोदाम झाडले की धुळीचा लोट उठतो. ज्याच्या छातीस तो मानवत नाही, त्याचा दमा बळावतो. ही गोष्ट नवी नव्हे. इटालियन वैद्य रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच धान्य चाळणाऱ्या व मापणाऱ्या लोकांच्या श्वासविकाराची नोंद करून ठेवली आहे. हल्ली पुष्कळ पेढ्यांवर गल्ल्याशेजारी इनहेलर, म्हणजे दम्याचा फवारा, ठेवलेला दिसतो. तो दुकानातून आपणच आणावा की डॉक्टरांच्या चिठ्ठीने घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे. मी वैद्य नव्हे. परंतु या अज्ञानाची किंमत मी स्वतः मोजली आहे.

प्रथम माल ओळखावा. दम्यात दोन विकार एकत्र नांदतात. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आणि नलिकांचे आतील अस्तर सुजते. सॅल्ब्युटामॉलचा फवारा स्नायू सैल करतो. काही मिनिटांतच आराम पडतो व तो चार ते सहा तास टिकतो. सुजेस मात्र तो हात लावीत नाही. सूज उतरविण्याचे काम ब्युडेसोनाइडसारख्या स्टेरॉइडच्या फवाऱ्याचे. त्याचा गुण सावकाश, काही दिवसांनी व आठवड्यांनी दिसतो. म्हणूनच अधीर रोगी त्यास निरुपयोगी समजून टाकून देतो.

अमेरिकेत चिठ्ठीविना मिळणारा एक फवारा आहे. त्याचे नाव प्रायमाटीन मिस्ट. त्यात एपिनेफ्रिन, म्हणजेच ॲड्रेनलिन, असते. ओझोनच्या थरास हानी करणाऱ्या वायूमुळे त्याची जुनी जात २०११ च्या अखेरीस बंद झाली. नव्या वायूवरील जातीस २०१८ मध्ये परवानगी मिळाली. ती केवळ बारा वर्षांवरील, सौम्य व अधूनमधून होणाऱ्या दम्यासाठी आहे. डॉक्टरांनी दम्याचे निदान केले नसेल तर वापरू नये, चोवीस तासांत आठपेक्षा अधिक फवारे घेऊ नयेत, वीस मिनिटांत आराम न पडल्यास किंवा आठवड्यात दोनहून अधिक वेळा दमा उसळल्यास डॉक्टरांकडे जावे, असे तिच्या वेष्टनावरच बजाविले आहे. हृदयविकार, रक्तदाब वा मधुमेह असणाऱ्यांनी तर आधी डॉक्टरांस विचारावयाचे आहे. परदेशी गेलेली मुले प्रेमाने असा फवारा आणतात. आपल्या वयाच्या मंडळींनी त्यावरील सूचना अवश्य वाचावी.

सुलभ विक्रीचा धडा ब्रिटनने दिला आहे. १९६० नंतरच्या दशकात तेथे आयसोप्रेनॅलीनचे तीव्र फवारे चिठ्ठीविना विकले जात. त्याच काळात दम्याने होणारे मृत्यू, विशेषतः मुले व तरुणांमधील, झपाट्याने वाढले. धोक्याची सूचना निघाली, १९६८ मध्ये चिठ्ठी सक्तीची झाली. विक्री उतरली व मृत्यूही उतरले. औषधाचा दोष किती आणि वैद्याकडे जाण्यास झालेल्या विलंबाचा किती, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. बोध मात्र एकच : तात्पुरता आराम रोग्यास गाफील करतो.

आपल्या देशात सॅल्ब्युटामॉल औषध नियमांच्या 'एच' परिशिष्टात आहे. म्हणजे चिठ्ठीवाचून विकता येत नाही. व्यवहारात काय घडते हे सर्वांस ठाऊक आहे. मीही तीन वर्षे निळा फवारा असाच आणवीत होतो. पुढे ज्वारीच्या हंगामात एका रात्री तो दहा-बारा वेळा दाबूनही श्वास मिळेना. मुलाने रुग्णालयात नेले म्हणून आज लिहीत आहे. डॉक्टरांनी विचारले, "वर्षाला किती फवारे लागतात?" दाण्यादाण्याचा हिशेब ठेवणारा मी निरुत्तर झालो. घरी येऊन खर्चखाते चाळले, तो चौदा!

पुढे समजले की, वर्षाला तीन वा अधिक असे फवारे लागणे हे दमा उसळण्याच्या, आणि बारा वा अधिक लागणे हे मृत्यूच्या वाढत्या धोक्याचे लक्षण आहे. दम्याविषयी जगभर मार्गदर्शन करणाऱ्या 'जिना' या संस्थेने २०१९ पासून प्रौढांनी व किशोरांनी केवळ सॅल्ब्युटामॉलवर विसंबू नये असे सांगितले आहे. स्टेरॉइडचा अंश असलेला फवारा प्रत्येकाच्या उपचारात असावा.

सभासदांनी पुढील गोष्टी ध्यानी धराव्यात :

१. निदान व फवाऱ्याची निवड डॉक्टरांवर सोपवावी. प्रत्येक धाप दमा नसते. ती हृदयाचीही असू शकते.
२. फवारा आणला की तारीख वहीत मांडावी. तिसरी नोंद होताच डॉक्टरांस भेटावे.
३. बरे वाटले म्हणून स्टेरॉइडचा फवारा आपल्या मनाने सोडू नये. घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकावे, म्हणजे तोंड येत नाही.
४. फवारा हलवावा, श्वास सोडून मग दाबताना सावकाश आत घ्यावा, व सुमारे दहा सेकंद रोखावा. न साधल्यास स्पेसरची नळी लावावी.
५. वाक्य पुरे करता येईना, ओठ निळसर दिसू लागले, वा फवाऱ्याने उतार पडेना, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.
६. चाळणीवर काम करणाऱ्या हमालबंधूंनाही तोंडावर योग्य मुखवटा द्यावा. त्यांची छाती आपल्यासारखीच आहे.

आज माझा स्टेरॉइडचा फवारा सकाळ-संध्याकाळ नियमाने चालतो, आणि गतवर्षी खर्चखात्यात निळ्या फवाऱ्याची एकच नोंद आहे. हातउसन्या पैशावर दिवस निघतो, पेढी चालत नाही. वारंवार उसना घेतलेला श्वासही तसाच.