मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि छेदाचा आकार

बालाघाटच्या डोंगररांगांतील पाटोदा तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी परगावी जातात. घर, जनावरे व लहान मुले सांभाळण्यास वृद्ध मंडळी मागे राहतात. त्यांची दृष्टी मंदावली तर सारे घर अडते. म्हणून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत झालेले बदल शिक्षक व पंचायत सदस्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील पारदर्शक भिंग गढूळ होणे. ते काढण्यासाठी किती मोठा छेद घ्यावा लागतो, यावर जखम भरण्याचा काळ व पुढील नजर बरीचशी अवलंबून असते.

छेद लहान होत गेला

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्या काळी १० ते १२ मिलिमीटरचा छेद घेऊन भिंग काढीत व टाके घालीत. टाक्यांच्या ताणाने पारपटलाची गोलाई बिघडे, आणि भिंगच काढलेले असल्याने जन्मभर जाड चष्मा लागे. पुढे कृत्रिम भिंग बसविणे रूढ झाले. बिनटाक्याच्या पद्धतीत ६ ते ७ मिलिमीटरचा, बोगद्यासारखा तिरपा छेद घेतात. डोळ्यातील दाबाने तो आपोआप मिटतो. ‘फेको’ पद्धतीत भिंगाचा चुरा करून ते शोषून घेतात व घडीचे भिंग बसवितात. त्यास २ ते ३ मिलिमीटरचा छेद पुरतो.

सर्वांत लहान तोच उत्तम काय?

तसे नेहमीच नाही. भिंग फार कठीण झाले असल्यास फेकोची ऊर्जा अधिक वापरावी लागते. त्यामुळे छेदाची कड भाजण्याचा व पारपटलास इजा होण्याचा धोका संभवतो. अशा वेळी थोडा मोठा छेदच सुरक्षित ठरू शकतो. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० रुग्णांवर झालेला तुलनात्मक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनंतर चष्म्याविना दिसणारी नजर फेकोच्या रुग्णांत काहीशी सरस होती. चष्म्यासह मात्र दोन्ही पद्धतींचे फळ सारखेच मिळाले. बिनटाक्याच्या पद्धतीस महागडे यंत्र लागत नाही, हा तिचा मोठा लाभ.

गावाचे कर्तव्य

‘मोतीबिंदू पिकू द्यावा’ हा समज आता सोडला पाहिजे. विलंबाने भिंग कठीण होते आणि लहान छेदाची संधी हुकते. नजर अंधुक होताच वृद्धांना तपासणीस न्यावे. शस्त्रक्रियेनंतर डोळा दुखला, लाल झाला किंवा नजर एकाएकी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. छेदाचा आकार डॉक्टर ठरवतील. वेळेवर पोहोचविणे मात्र गावाच्या हाती आहे.