कॉम्प्युटरचा हट्ट आणि टेबलावरचा मॉस्फेट

सीईटीचा निकाल लागला की फोन सुरू होतात आणि प्रश्न ठरलेला असतो: "सर, कॉम्प्युटर मिळेल का? नाहीतर एआय-डीएस तरी?" मुलाला काय आवडतं, हे मला मुद्दाम विचारावं लागतं. उत्तर बहुतेक वेळा आई किंवा वडील देतात.

ज्याला कोड लिहिताना जेवणाची शुद्ध राहत नाही, त्याने कॉम्प्युटरच घ्यावं. मला बोलायचंय ते घरातला चार्जर उघडून बसणाऱ्या आणि त्याबद्दल ओरडा खाणाऱ्या मुलांबद्दल. कट-ऑफ वर गेला म्हणून त्यांना कॉम्प्युटरला ढकलू नका. त्यांची जागा इलेक्ट्रिकल किंवा ईएनटीसीत आहे, आणि त्यातही पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये.

शंका असेल तर मुलाला एक काम द्या: आर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड वापरून ५ व्होल्टचे १२ व्होल्ट करायचे आणि एलईडी पट्टीचा छोटा तुकडा पेटवायचा. लागतं काय, तर कॉइल, मॉस्फेट (म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच), डायोड, कपॅसिटर आणि दोन-चार रेझिस्टर. मॉस्फेट चालू असताना कॉइलमध्ये ऊर्जा साठते. तो बंद झाला की कॉइल प्रवाह तुटू देत नाही. तिचा व्होल्टेज पुरवठ्याच्या व्होल्टेजमध्ये मिळतो आणि डायोडमधून कपॅसिटरवर चढतो. कागदावरच्या गणितात मॉस्फेट सुमारे ५८ टक्के वेळ चालू ठेवला की झालं.

टेबलावर मात्र ते सहसा पहिल्या झटक्यात होत नाही. मॉस्फेट चालू-बंद करणारा उनोचा सिग्नल, म्हणजे पीडब्ल्यूएम, बहुतेक पिनांवर ४९० हर्ट्झचा असतो. एवढ्या संथ गतीला छोटी कॉइल सॅच्युरेट होते आणि मॉस्फेट चटका बसेल इतका तापतो. टायमरचं रजिस्टर बदलून ६२.५ किलोहर्ट्झवर जावं लागतं. दुकानदाराने आयआरएफ५४० दिला असेल, तर ५ व्होल्टच्या गेटवर तो पुरता उघडत नाही. आयआरएलझेड४४एनसारखा लॉजिक-लेव्हल मॉस्फेट लागतो. १एन४००७ डायोड या वेगाला मंद पडतो, तिथे १एन५८१९ हा शॉट्की हवा. आणि लोड काढला की व्होल्टेज चढतच जातो, म्हणून दोन रेझिस्टरांनी तो विभागून आर्डुइनोला मोजायला द्यायचा आणि कोडमधून आवरायचा. (१२ व्होल्टच्या पुढे घरी जाऊ नये. शंभर-दोनशे व्होल्ट जीव घेतात.)

तापलेला मॉस्फेट पाहून जो सगळं कपाटात टाकतो, त्याला ही शाखा नको. "का तापला?" म्हणून डेटाशीट उघडणाऱ्याला मात्र अडवू नका. इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर, सोलर इन्व्हर्टर, यूपीएस, शेतातल्या सौरपंपाचा कंट्रोलर, सगळीकडे व्होल्टेज बदलण्याचंच काम चालतं, आणि तिथे कोड लिहिणाऱ्या हातांनाच सोल्डरिंगही यावं लागतं. अशी माणसं सहज सापडत नाहीत.

पालकांनो, डिप्लोमा म्हटलं की तुमचा चेहरा पडतो, तेही थांबवा. दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निक आणि मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हा रस्ता पळवाट नव्हे. हाताने काम करायला आवडणाऱ्या मुलाला त्यात वर्कशॉप आणि लॅब दोन वर्षं आधी मिळते. "लोक काय म्हणतील" यासाठी त्याची अकरावी-बारावी क्लासात घालवणं हा अन्याय आहे, आणि तो मी दर वर्षी पाहतो.

ऑप्शन फॉर्म भरण्याआधी एक शनिवार काढा. मुलाला सुटे भाग घ्यायला पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर न्या, हजारेक रुपये त्याच्या हातात द्या आणि तो काय विचारतो ते ऐका. प्रवेशाच्या कॅप फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती गोठते, पुढे बदलता येत नाही. ती पहिली ओळ त्याला लिहू द्या.