रफ कट दाखवण्याची आणि पाहण्याची कृती

आठ मिनिटांचा रफ कट संपतो, वर्गातले दिवे लागतात आणि दोनच तऱ्हेची वाक्यं ऐकू येतात. "मस्त झालीये रे!" नाहीतर, "मी असतो तर सुरुवातच बदलली असती." पहिल्या वाक्यानं दिग्दर्शक खूश होतो, दुसऱ्यानं खट्टू. रात्री एडिटला बसल्यावर मात्र दोन्ही वाक्यांचा काडीचा उपयोग होत नाही. महिनाभर राबून केलेल्या फिल्मला याहून चांगले प्रेक्षक मिळायला हवेत, आणि वर्गमित्र ते होऊ शकतात. त्यांनी एक पथ्य पाळायचं: बघताना मला काय झालं आणि नेमकं कुठे झालं, तेवढं सांगायचं. त्यावर काय करायचं, हे दिग्दर्शक ठरवेल.

उदाहरणासाठी एक फिल्म धरू. एक मुलगा एसटीनं गावी येतो, आजीच्या घराचं कुलूप काढतो, कपाटातल्या डब्यातल्या वस्तू बघत बसतो आणि डबा घेऊन परततो. आजी वारली आहे, हे भिंतीवरच्या फोटोला घातलेल्या हारावरून कळावं, अशी योजना आहे.

साहित्य

- रफ कट. एक्सपोर्ट करताना चित्रावर टाइमकोड दिसेल असा ठेवावा.
- पाच-सहा प्रेक्षक. त्यातल्या निदान दोघांना गोष्ट अजिबात माहीत नसावी.
- मोठा पडदा किंवा टीव्ही आणि बरे स्पीकर. लॅपटॉपच्या स्पीकरवर संवाद कळला नाही, तर दोष फिल्मचा की स्पीकरचा, हे ठरवता येत नाही.
- कागद, पेन, घड्याळ.
- वेळ पाळणारा एक सूत्रधार. दिग्दर्शकानं हे काम करू नये.

वेळ: एका फिल्मला साधारण एक तास.

कृती

१. योग्य वेळ निवडा. गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत जुळली आहे, पण शॉट अजून हलवता येतात, अशा टप्प्यावर कट दाखवा. पिक्चर लॉक झाल्यावर आलेल्या सूचना फक्त मनस्ताप देतात. तात्पुरतं म्हणून एखादं गाजलेलं गाणं टाकलं असेल तर काढून टाका. नाहीतर डोळ्यांत पाणी गाण्यामुळे येईल आणि तुम्ही ते सीनच्या खात्यावर जमा कराल.

२. दिग्दर्शकानं आधी गोष्ट सांगू नये. "साउंड कच्चा आहे, कलर व्हायचंय" एवढंच सांगून गप्प बसावं. माणसाला पहिली नजर एकदाच मिळते. "ही आजी गेल्यानंतरची गोष्ट आहे" असं तुम्ही म्हणालात, की फोटोचा शॉट काम करतो की नाही हे त्या खोलीतलं कुणीच तुम्हाला सांगू शकत नाही.

३. पहिल्यांदा न थांबता, न लिहिता पाहा. दिग्दर्शकानं बाजूला, प्रेक्षकांचे चेहरे दिसतील असं बसावं. कोण कुठे चुळबुळ करतं, कुठे सगळे स्तब्ध होतात, हे टिपून ठेवावं. नंतर सौजन्यापोटी जे बोललं जात नाही, ते इथे दिसतं.

४. दिवे लागल्यावर पाच मिनिटं कुणीही बोलायचं नाही, प्रत्येकानं लिहायचं. तीनच गोष्टी: फिल्मची गोष्ट दोन वाक्यांत, मनात राहिलेलं एक चित्र किंवा आवाज, आणि लक्ष सुटलं ती जागा. हे मौन सोडू नका. पहिला बोलणारा ठामपणे बोलला, की बाकीच्यांचं मत नकळत त्याच्यामागे जातं.

५. लिहिलेलं पाळीपाळीनं वाचा. दिग्दर्शकानं फक्त ऐकावं. आपल्या उदाहरणात पाचपैकी तिघांनी लिहिलं, "आजी बाहेरगावी गेली आहे." जिभेवर येईल, "अरे, फोटोला हार होता ना!" ते वाक्य गिळा आणि वहीत नोंद करा. प्रेक्षकाला जे दिसलं नाही, ते वाद घालून दाखवता येत नाही.

६. आता दुसऱ्यांदा पाहा, या वेळी टाइमकोडसह टिपणं काढत. टिपणाचा साचा असा: वेळ, पडद्यावर काय, मला काय झालं. "मधला भाग स्लो आहे" हे टिपण कामाचं नाही. "३:१२, तो डब्यातल्या वस्तू काढतोय, मी घड्याळाकडे पाहिलं" हे कामाचं. "तुला साउंड जमत नाही" यात फक्त दुखावणं आहे. "५:४०, पंख्याच्या आवाजात फोनवरचं बोलणं ऐकू आलं नाही" यात दुरुस्तीची जागा आहे.

७. मग दिग्दर्शकानं विचारावं. "कशी वाटली?" हा प्रश्न नको. "आजी नाही, हे तुम्हाला कधी कळलं?" असं एका ठिकाणी बोट ठेवणारं विचारा.

८. नंतर प्रेक्षकांनी विचारावं, पण प्रश्नात मत लपवू नये. "एवढा लांब शॉट का ठेवलास?" यात निकाल आधीच दिलेला आहे. "या शॉटमध्ये आम्ही काय बघावं असं तुला वाटतं?" असं विचारलं, की दिग्दर्शक स्वतःच विचार करू लागतो. अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९०च्या सुमारास कलाकृतीवर बोलण्याची चार टप्प्यांची पद्धत घडवली. आधी काय भिडलं ते, मग कलावंताचे प्रश्न, मग प्रेक्षकांचे तटस्थ प्रश्न आणि शेवटी परवानगी घेऊन मत, असा तिचा क्रम आहे. आपल्या कृतीचा कणा तोच.

९. सूचना सर्वांत शेवटी, आणि विचारून: "डब्याच्या सीनबद्दल एक सुचवू का?" दिग्दर्शक "आत्ता नको" म्हणू शकतो. हा उशीर मुद्दाम आहे. 'अपोकॅलिप्स नाऊ'चे एक संकलक वॉल्टर मर्च यांनी चाचणी खेळांतल्या प्रतिक्रियांची तुलना शरीरातल्या दुखण्याशी केली आहे: कळ कोपरात येते, पण नस खांद्यापाशी दबलेली असते. आपल्या फिल्ममध्ये कंटाळा ३:१२ला आला, म्हणून कुणीही म्हणेल, "तिथे काप." खरी अडचण १:४०ला आहे. फोटो अंधारात आहे, हार जेमतेम दिसतो आणि शॉट लगेच जातो. आजी गेली हे कळलेलंच नाही, म्हणून डब्यातला चष्मा प्रेक्षकाला नुसता चष्मा वाटतो. डब्याचा सीन कापला असता, तर फिल्मचा जीवच गेला असता.

१०. टिपणं एक रात्र मुरू द्या, मग वर्गवारी करा. तिघांनी एकाच जागी बोट ठेवलं असेल, तर तिथे काहीतरी आहे. एकट्याचं मत असेल तर नोंद ठेवा, घाई नको. दोन टिपणं परस्परविरुद्ध आली तर मर्च यांचा अग्रक्रम आठवा. चांगल्या कटच्या निकषांत ते भावनेला ५१ टक्के, कथेला २३ आणि लयीला १० टक्के वजन देतात. जागेची सलगता सर्वांत शेवटी. हातातला पेला दुसऱ्या शॉटमध्ये सरकला, म्हणून चेहऱ्यावरचा खरा क्षण टाकू नका.

११. टाइमलाइनची प्रत काढून तिच्यावर बदल करा. एका वेळी एकच मोठा बदल, म्हणजे कशानं फरक पडला ते कळतं.

टीप

गोष्ट ठाऊक नसलेला एक मित्र पहिल्या खेळाला बोलावू नका, राखून ठेवा. दुरुस्त केलेला कट त्याला दाखवा आणि फक्त दोन वाक्यं लिहायला सांगा. "आजी गेल्यावर नातू तिचं घर बघायला येतो. तिचा डबा तो मागे ठेवू शकत नाही," असं त्यानं न सांगता लिहिलं, की पिक्चर लॉक करा.