जुन्या जीपची नवी बॉडी : कायदा, अस्सलपणा आणि ग्राहकाची दक्षता

अस्सल वस्तू कोणती आणि नक्कल कोणती, हा प्रश्न चंदीगड शहराला नवा नाही. या शहराच्या उभारणीच्या काळात वास्तुविशारद पियर जानेरे आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान व वेताच्या खुर्च्या घडविल्या. पुढे त्याच खुर्च्या मोडीत काढून लिलावात विकल्या गेल्या आणि परदेशातील लिलावगृहांत त्यांना मोठ्या किमती येऊ लागल्या. अखेर 2011 साली केंद्रीय गृह मंत्रालयाला या वारसा-वस्तूंच्या विक्रीस प्रतिबंध करावा लागला. आज त्याच घडणीच्या नव्या खुर्च्या उघडपणे तयार होतात व विकल्या जातात. 'ही नवी आहे' असे सांगून विकलेली खुर्ची हा सरळ व्यवहार होय. मात्र तीच खुर्ची 'उच्च न्यायालयातील जुनी' म्हणून विकली, तर ती फसवणूक ठरते.

नेमका हाच प्रश्न जुन्या मोटारगाड्यांच्या बाबतीतही उभा राहतो. मात्र खुर्ची दिवाणखान्यात ठेवायची असते, तर गाडी रस्त्यावर धावते. तिला नोंदणी लागते, विमा लागतो आणि अनेकदा बँकेचे कर्जही लागते. म्हणून गाडीच्या अस्सलपणाचा प्रश्न हा केवळ हौसेचा राहत नाही; तो मालकी हक्काचा, सुरक्षिततेचा आणि पैशाचा प्रश्न बनतो.

जीपच का?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने विलिज व फोर्ड या कारखान्यांतून लक्षावधी जीप बनविल्या. युद्धानंतर त्यांतील अनेक भारतात राहिल्या. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईच्या माझगावात महिंद्र कंपनीने विलिज जीपची जुळणी सुरू केली आणि ही गाडी शेतकरी, वनाधिकारी, पोलीस व लष्कर या सर्वांच्या ओळखीची झाली.

या गाडीची रचना साधी असते. खाली लोखंडी चौकट, म्हणजे चासी, आणि तिच्यावर बोल्टने आवळलेली पत्र्याची बॉडी. पत्रा गंजतो, चासी मात्र दीर्घकाळ टिकते. शिवाय बॉडीचे बहुतेक भाग सपाट असल्याने मोठ्या साच्यांवाचून कुशल कारागीर ते हाताने घडवू शकतो. त्यामुळेच जगभर जीपच्या नव्या बॉडी बनविण्याचा व्यवसाय वाढला. फिलिपिन्समधील एम. डी. हुआन ही कंपनी युद्धकालीन जीपच्या हुबेहूब बॉडीसाठी हौशी मंडळींत प्रसिद्ध आहे.

भारतात या कामासाठी नाव घेतले जाते ते हरियाणाच्या सिरसा जिल्ह्यातील, पंजाबच्या सीमेला लागून असलेल्या मंडी डबवाली या गावाचे. लष्कराच्या लिलावातील जुन्या जीप व सुटे भाग आणून तेथील कारागिरांनी त्यांतून उघड्या जीप उभ्या करण्याची परंपरा निर्माण केली. पंजाबी बोलीत अशा गाडीला 'लंडी जीप' म्हणतात. चंदीगड ही पंजाब व हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानी असल्याने या गाड्यांचे खरेदीदार येथेही आढळतात आणि त्यांच्या नोंदणीचे प्रश्नही येथे येऊन ठेपतात.

तीन प्रकार, तीन परिणाम

विक्रेता 'जुनी जीप, नव्यासारखी' असे म्हणतो, तेव्हा त्या शब्दांआड तीन भिन्न वस्तू असू शकतात.

पहिला प्रकार पुनरुद्धाराचा. येथे मूळ चासी, मूळ इंजिन व मूळ बॉडी कायम ठेवून कुजलेला पत्रा तेवढा बदललेला असतो.

दुसरा प्रकार प्रतिकृती बॉडीचा. येथे चासी व इंजिन मूळचे, परंतु बॉडी संपूर्ण नवी असते.

तिसरा प्रकार जुळवणीच्या गाडीचा. चासी एका गाडीची किंवा नव्याने बनविलेली, इंजिन दुसऱ्याच गाडीचे, बॉडी स्थानिक कारखान्यातील आणि कागदपत्रे तिसऱ्याच, बहुधा भंगारात गेलेल्या, गाडीची असतात.

रंग दिल्यानंतर या तिन्ही गाड्या दिसायला सारख्याच असतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. गाडीच्या रचनेतील ज्या फेरफारामुळे तिचे मूलभूत स्वरूप पालटते, त्याला हे कलम 'बदल' मानते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मधील निकालात या कलमाचा कठोर अर्थ उचलून धरला. त्याच वर्षी अधिनियमात कलम 182अ दाखल झाले. त्यानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भाडेखरेदी करारावरील गाडीत तर नोंदणीकृत मालकाच्या लेखी संमतीवाचून कोणताही बदल करता येत नाही.

याचा अर्थ असा की, कुजलेल्या बॉडीच्या जागी त्याच मापाची, त्याच आसनसंख्येची बॉडी बसविणे आणि छोट्या जीपची लांबी वाढवून तिला दुसऱ्या जातीचे इंजिन जोडणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत. तरीही पहिल्या प्रसंगीसुद्धा काम सुरू करण्यापूर्वी नोंदणी प्राधिकरणाला लेखी विचारणा करणे हेच शहाणपणाचे आहे.

जुळवणीच्या गाडीची स्थिती सर्वांत नाजूक असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 126 नुसार, नव्या गाडीचा नमुना पुण्याच्या ए.आर.ए.आय. सारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घेणे आवश्यक असते. लहान कारखान्यात जुळविलेल्या जीपला असे प्रमाणपत्र नसते. म्हणून ती 'नवी गाडी' म्हणून नोंदवता येत नाही. येथेच गैरमार्गाचा मोह होतो. भंगारात गेलेल्या जीपचे आरसी बुक मिळवून तिचा चासी क्रमांक नव्या चौकटीवर ठोकला जातो. हे कृत्य म्हणजे बनावटीकरण व फसवणूक असून त्यासाठी फौजदारी कारवाई होऊ शकते. भाग चोरीचे निघाल्यास खरेदीदारही चौकशीच्या फेऱ्यात सापडतो.

'व्हिंटेज' नोंदणीची अट

केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये ऐतिहासिक वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून अधिक काळ लोटलेली दुचाकी व चारचाकी वाहने 'व्हिंटेज' ठरू शकतात. मात्र ती मूळ स्वरूपात जपलेली असावीत आणि चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत फेरफार करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी, अशी अट आहे. नियम करताना नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आणि नूतनीकरणाचे 5,000 रुपये ठरविण्यात आले. नोंदणी दहा वर्षांसाठी असते व क्रमांकपट्टीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली आणि त्यासाठी लागणारे इंधन व देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी नव्हे.

म्हणून संपूर्ण नवी बॉडी चढविलेल्या जीपला ही नोंदणी मिळेलच, असे विक्रेत्याने दिलेले आश्वासन विश्वासार्ह मानता येत नाही. मूळ स्वरूप सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावरच येते.

अस्सल आणि मूळ : एक गाजलेला खटला

सर्व भाग मूळ नसतील, तर गाडी अस्सल म्हणावी काय? या प्रश्नावर 1990 साली लंडनच्या उच्च न्यायालयाने दिलेला निकाल आजही अभ्यासला जातो. 'ओल्ड नंबर वन' ही बेंटली गाडी 1929 व 1930 या दोन्ही वर्षी ल मान्सची शर्यत जिंकली होती. पुढे 1932 मध्ये ब्रुकलँड्स येथे तिला भीषण अपघात झाला आणि नंतर तिच्यावर वेगळी बॉडी चढली. ती गाडी एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाल्यावर खरेदीदाराने 'ही ती गाडीच नव्हे' असा पवित्रा घेतला. न्यायमूर्ती ऑटन यांनी निर्णय दिला की, गाडीचे फारच थोडे भाग मूळचे असले तरी तिचा प्रवास कोठेही खंडित झालेला नाही. म्हणून ती 'मूळ' नसली तरी 'अस्सल' आहे.

या निकालातील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. गाडीची ओळख पत्र्यात नसून तिच्या अखंड इतिहासात असते आणि तो इतिहास कागदोपत्री सिद्ध करावा लागतो. जुळवणीच्या जीपला असा इतिहासच नसतो. तिने दुसऱ्या गाडीचा इतिहास उसना घेतलेला असतो.

आकाराचा हक्क कोणाचा?

बॉडी बनविणाऱ्याने आणखी एक बाब पाहावयास हवी. भारतात डिझाइन अधिनियम, 2000 खाली नोंदलेल्या आकृतिबंधाला दहा वर्षे आणि मुदतवाढीने आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. 1940 च्या दशकातील आकाराला आज या मार्गाने संरक्षण मिळणे शक्य नाही. व्यापारचिन्हाची गोष्ट वेगळी. ते दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून कायम राखता येते. म्हणून नव्या पत्र्यावर एखाद्या कंपनीचे नाव वा चिन्ह उठविणे धोक्याचे आहे. केवळ आकारावरूनही वाद उद्भवू शकतो. महिंद्रच्या 'रॉक्सर' या गाडीविरुद्ध जीपच्या मालक कंपनीने अमेरिकेत 2018 साली तक्रार केली. तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने जून 2020 मध्ये रॉक्सरचे बाह्यरूप जीपच्या बाह्यरूपावर अतिक्रमण करते, असे ठरविले. नव्याने आखलेल्या रॉक्सरला मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस आयोगाने मोकळीक दिली. माझगावात एकेकाळी परवान्यानिशी जुळलेल्या जीपच्या वारसदारालाही आपले रूप पालटावे लागले, हे येथे लक्षणीय आहे.

खरेदीदाराने घ्यावयाची दक्षता

1. चासी व इंजिन क्रमांक स्वतः पाहावेत. चासीवरील ठसा व आरसीतील नोंद यांत एका अक्षराचाही फरक नसावा. ठशाभोवती घासल्याच्या, जोडकामाच्या वा ताज्या रंगाच्या खुणा असल्यास व्यवहार थांबवावा.

2. आरसीतील बॉडीचा प्रकार, आसनसंख्या, इंधन व उत्पादनवर्ष समोरच्या गाडीशी ताडून पाहावे. 'परिवहन' संकेतस्थळावरील नोंदही तपासावी.

3. लष्करी लिलावातील गाडी असल्यास तिचे मूळ विक्री प्रमाणपत्र मागावे. केवळ लिलावाची पावती पुरेशी नाही.

4. गाडी हरियाणा वा पंजाबमध्ये नोंदलेली असून चंदीगडमध्ये आणावयाची असेल, तर नमुना 28 मधील ना-हरकत प्रमाणपत्र आधी मिळवावे. मालकी हस्तांतरणासाठी नमुना 29 व 30 भरावे लागतात. आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा असल्यास नमुना 35 द्वारे तो उतरवून घ्यावा.

5. बॉडी नवी असल्यास ती कोणी, केव्हा बनविली याचे बिल व कामाची छायाचित्रे घ्यावीत आणि विक्रीपत्रात 'बॉडी प्रतिकृती आहे' असे स्पष्ट लिहून घ्यावे.

6. विमा कंपनीला खरी स्थिती कळवावी. विमा हा परम सद्भावाचा करार आहे. दडविलेली माहिती अपघातानंतर उघड झाल्यास गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो.

बँकेच्या कर्मचाऱ्यांसाठीही यात बोध आहे. तारण म्हणून स्वीकारलेल्या गाडीचे मोल तिच्या झगमगीत रंगावर ठरत नाही. आरसी एका गाडीची आणि गाडी दुसरीच असेल, तर वसुलीच्या वेळी बँकेच्या हाती केवळ पत्रा उरतो. म्हणून मूल्यांकनाच्या अहवालात चासी क्रमांकाचा ठसा व बॉडीची स्थिती यांची नोंद असावी.

कुशल कारागिराने घडविलेली नवी बॉडी ही कमीपणाची गोष्ट नाही. तिच्यामुळे कित्येक जुन्या गाड्या भंगारात जाण्यापासून वाचतात. अट इतकीच की, नव्याला नवे म्हटले जावे आणि कागदावर जे लिहिले आहे तेच रस्त्यावर उभे असावे. ही अट पाळली की हौसही टिकते आणि पैसाही सुरक्षित राहतो.