कर्णस्राव : पूरणापूर्वी परीक्षण

प्रास्ताविक

पावसाळा सुरू झाला की मीरा रोड पूर्वेच्या नया नगरसारख्या दाट वस्तीतील चिकित्सालयांत व औषधालयांत एक मागणी हमखास ऐकू येते : "कान वाहतोय, एखादे तेल द्या." खाडी आणि मिठागरांच्या या परिसरात हवा कायम दमट असते. घरे लहान असल्याने एका मुलाची सर्दी दुसऱ्याला सहज लागते. त्यामुळे येथे कर्णस्रावाचे रुग्ण वारंवार भेटावेत यात नवल नाही. मात्र रुग्ण ज्यास 'कान वाहणे' म्हणतो ते अनेक भिन्न व्याधींचे समान लक्षण होय. एका व्याधीत उपकारक ठरणारे तेल दुसऱ्या व्याधीत अपाय करते. म्हणून कारणनिश्चितीचा विचार येथे मांडला आहे.

शास्त्रविचार

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात २० व्या अध्यायात २८ कर्णरोग वर्णिले आहेत. कर्णसंस्रावाची कारणे म्हणून शिरोभिघात, जलनिमज्जन आणि विद्रधीचा पाक यांचा तेथे निर्देश आहे. कर्णपाक, पूतिकर्ण, कृमिकर्ण यांचे वर्णन स्वतंत्र आहे. चरकाचार्यांनी दोषानुसार चार प्रकार मानून स्रावाचे स्वरूप सांगितले : वातज स्राव पातळ, पित्तज पिवळा व दुर्गंधी, कफज पांढरा, स्निग्ध व कंडूयुक्त, तर सन्निपातात सर्व लक्षणे मिश्र असतात.

पुढील अध्यायात सुश्रुताचार्य शिरोविरेचन, धूपन, पूरण, प्रमार्जन व धावन ही पाच कर्मे सांगतात आणि ती नीट अवलोकन करूनच योजावीत असे बजावतात. आज व्यवहारात पाचांपैकी बहुधा पूरणच शिल्लक राहिले आहे आणि अवलोकन मागे पडले आहे.

प्रमुख कारणे

१) बाह्यकर्णशोथ : स्राव अल्प, वेदना तीव्र. कर्णपाळी ओढली किंवा कानापुढील कूर्चा दाबली असता वेदना वाढते. पोहणे, काडी वा पिन घालणे, रस्त्यावर कान कोरून घेणे ही नेहमीची कारणे. वृद्ध मधुमेही रुग्णास रात्री असह्य कर्णशूल असेल तर संसर्ग अस्थीपर्यंत पोहोचल्याची शंका घ्यावी.

२) बुरशीजन्य विकार : कंडू प्रधान, कान भरल्यासारखा वाटणे, भिजलेल्या कागदासारखा मळ, त्यावर कधी काळे ठिपके. दमट ऋतूत हा विकार वाढतो. ओलावा व तेल यांमुळे तो बळावतो, म्हणून येथे पूरण टाळून कान स्वच्छ व कोरडा ठेवावा.

३) मध्यकर्णाचा आशुकारी पाक : बालकांत घसा व मध्यकर्ण जोडणारी नलिका आखूड, रुंद व आडवी असल्याने प्रतिश्यायाचा दोष कानात लवकर पोहोचतो. मूल रात्रभर रडते, पडदा फुटून पू वाहू लागताच वेदना शमते. घरच्यांना रोग बरा झाला असे वाटते. प्रत्यक्षात दक्षतेचा काळ तेथून सुरू होतो.

४) जीर्ण मध्यकर्णपाक : याचे दोन भेद ओळखणे अत्यंत महत्त्वाचे. पडद्याच्या मध्यभागी छिद्र असता स्राव विपुल, चिकट, बहुधा दुर्गंधरहित असून सर्दीबरोबर वाढतो. छिद्र कडेला वा वरच्या भागात असता स्राव थोडा पण अतिदुर्गंधी असतो. या दुसऱ्या भेदात त्वचेचे थर साचून कर्णास्थी झिजवतात व विकार मेंदूपर्यंत जाऊ शकतो. येथे शस्त्रकर्म हाच उपाय होय.

५) शल्य : लहान मुलाच्या एकाच कानातून दुर्गंधी स्राव येत असेल तर वाटाणा, मणी, खडू यांचा शोध घ्यावा. कडधान्य पाण्याने फुगते, म्हणून धावन करू नये. बटन सेल असल्यास विलंब न करता रुग्णालयात पाठवावे.

६) शिरोभिघात : अपघातानंतर कानातून रक्त वा पाण्यासारखा स्वच्छ द्रव येणे म्हणजे कवटीच्या तळाचा अस्थिभंग संभवतो. अशा वेळी थेंब, धावन, बोळा काहीही नको.

परीक्षण व चिकित्सा

स्राव किती दिवसांचा, एका कानातून की दोन्ही, वास, वेदना, ऐकू येणे, ताप, मधुमेह व आघात हे प्रश्न आधी विचारावेत. नंतर कोरड्या कापसाने हलके प्रमार्जन करून ऑटोस्कोपने पडदा पाहावा. पडदा दिसत नसेल तर छिद्र आहे असे समजूनच वागावे. छिद्र असता किंवा तशी शंका असता पूरण व धावन करू नये.

संहितेत राजवृक्षादी वा सुरसादी गणाच्या काढ्याने प्रक्षालन आणि दुर्गंधीवर गुग्गुळाचे धूपन सांगितले आहे. प्रक्षालन पडदा अखंड असल्याची खात्री झाल्यावरच करावे. प्रतिश्यायाची चिकित्सा सोबतच हवी, अन्यथा कान पुन्हा वाहू लागतो. आभ्यंतर योजनेत सारिवादी वटी, त्रिफळा गुग्गुळ, गंधक रसायन यांचा विचार दोष, वय व बल पाहून करावा. स्नानसमयी तूप लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवावा.

त्वरित पाठविण्याची लक्षणे

तोंड वाकडे होणे, चक्कर, ताप व वांती यांसह तीव्र डोकेदुखी, कानामागे सूज, एकाएकी बहिरेपणा, रक्तमिश्रित स्राव, तसेच उपचारानंतरही दोन आठवड्यांत न थांबणारा स्राव. अशा रुग्णास कर्णतज्ज्ञांकडे पाठवणे हे वैद्याचे न्यूनत्व नव्हे.

औषधालयांसाठी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या अहवालानुसार जगात ६.५ ते ३३ कोटी लोकांचे कान वाहतात आणि त्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांच्या श्रवणशक्तीत लक्षणीय घट आढळते. यास्तव गल्ल्यावरून दिलेली तेलाची बाटली ही किरकोळ विक्री नव्हे. निओमायसिन, जेंटामायसिन असलेले थेंबही छिद्र असता अंतर्कर्णास बाधक ठरू शकतात. "कान कोणी पाहिला का?" एवढे विचारूनच औषध द्यावे. जवळच्या शासकीय वा महानगरपालिका रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञ कोणत्या वारी असतात याची माहिती मिळवून ती मराठी, हिंदी व उर्दूत दर्शनी भागात लावावी.

समारोप

तेल आपले आहे, काढा आपला आहे, पण त्याआधीचे अवलोकनही आपल्याच शास्त्राचे आहे. ते सोडून केलेले पूरण शास्त्रसंमत ठरत नाही.