वॉरंटला मुदत नसते, खर्च मात्र वाढतो

समजा, तंजावूरच्या मराठी व्यापाऱ्यावर पुण्यात चेक न वटल्याचा खटला आहे. तारखा चुकल्या, वॉरंट निघाले, पण पोलीस आलेच नाहीत. इतक्या वर्षांत ते बाद झाले असेल, असे तो धरून चालतो. तसे होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 72 नुसार (1 जुलै 2024 पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 70) वॉरंट बजावले जाईपर्यंत किंवा काढणाऱ्या कोर्टानेच रद्द करेपर्यंत कायम राहते. कागदावरची तारीख पोलिसांनी अहवाल देण्याची असते. एक-तीन वर्षांची मुदत लोक ऐकतात, ती खटला दाखल करून घेण्याची. पुण्याचे वॉरंट तंजावुरातही बजावता येते.

वॉरंट रद्द करण्याच्या अर्जाला तमिळनाडूतले वकील 'रिकॉल पिटिशन' म्हणतात. तो वॉरंट काढणाऱ्या कोर्टातच द्यावा लागतो. बहुतेक वेळा स्वतः हजर राहावे लागते. गैरहजेरीचे कारण आणि पुरावा, आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद, सोबत जोडा. अर्जाचा स्टॅम्प किरकोळ असतो. खरा खर्च वकिलाची फी, प्रवास, नवा जातमुचलका आणि जामीनदार यांचा. फीचा ठरावीक दर नाही. एका तारखेची की पूर्ण खटल्याची, हे आधी लिहून घ्या. कोर्ट दंड लावू शकते, जुन्या मुचलक्याची रक्कमही जप्त करू शकते. जामिनावर असून सबळ कारणाशिवाय गैरहजर राहणे हा वेगळा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैदेचा. पुढची पायरी फरारीचा जाहीरनामा आणि मालमत्तेची जप्ती. म्हणून पोलीस दारात येण्याआधी आपणहून जाणे केव्हाही स्वस्त.

महिला, अनुसूचित जाती-जमातीतील व्यक्ती आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा. खटल्याची स्थिती ई-कोर्ट्सवर फुकट दिसते.

वॉरंट रद्द झाले म्हणजे काम संपले नाही. ऑगस्ट 2002 मध्ये मुंबईत एका वकिलाला तीन दिवसांपूर्वी रद्द झालेल्या वॉरंटवर अटक झाली. हायकोर्टाने पोलीस अधिकाऱ्याला दोन हजार रुपये भरपाई द्यायला लावली. 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच प्रकरणात बजावले, की रद्द झाल्याचा आदेश पोलिसांकडे जावा आणि आरोपीलाही त्याची प्रत मिळावी. त्या प्रतीसाठी त्याच दिवशी अर्ज द्या आणि ती जवळ ठेवा.